चिकटलेले आकडे आणि सरकलेले रेखांश : ओझोनच्या दैनंदिन फाइली ग्रिडमध्ये वाचण्याचे एक प्रकरण

टोटल ओझोन मॅपिंग स्पेक्ट्रोमीटर, अर्थात टॉम्स, या नासाच्या उपकरणाने १९७८ च्या अखेरीपासून २००५ पर्यंत, मधला काही काळ वगळता, पृथ्वीवरील एकूण ओझोनची रोजची मोजणी केली. निंबस-७, मिटिऑर-३ आणि अर्थ प्रोब या उपग्रहांवरील टॉम्स उपकरणांच्या दैनंदिन नोंदी एका दिवसाला एक फाइल अशा साध्या मजकूर-फाइलींच्या रूपात अभ्यासकांच्या हाती येतात. फाइल कोणत्याही संपादकात उघडते, आकडे डोळ्यांना दिसतात आणि त्यामुळे ती वाचणे हे पाच मिनिटांचे काम वाटते. प्रस्तुत प्रकरण अशाच फाइली ग्रिडमध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या घरांच्या जाळ्यात, वाचण्याचे आहे. त्यांतील आकडे वाचले गेले, सरासऱ्याही बरोबर आल्या, मात्र आकडे नकाशावर भलत्याच जागी जाऊन बसले आणि त्यातून निर्माण झालेले चित्र एका खऱ्या नैसर्गिक घटनेसारखे दिसू लागले.

एक संशोधिका उष्ण कटिबंधातील एकूण ओझोन रेखांशानुसार कसा बदलतो याचा अभ्यास करत होती. या पट्ट्यात ओझोनचे प्रमाण फारसे वरखाली होत नाही, तरीही अटलांटिकच्या भागात ते थोडे अधिक आणि प्रशांत महासागरावर थोडे कमी असा एक मंद, लांबलचक चढउतार वर्षभर टिकून असतो. निंबस-७ च्या वर्षांत तो तिच्या आलेखांत अपेक्षेप्रमाणे दिसत होता. अर्थ प्रोबच्या नोंदी सुरू झाल्यावर, म्हणजे १९९६ च्या मध्यापासून, तो चढउतार बोथट झाला आणि त्याचे शिखर पश्चिमेकडे सरकलेले दिसू लागले. १९९८ उजाडताच सारे पुन्हा पूर्ववत झाले. १९९७-९८ मध्ये मोठा एल निनो येऊन गेला होता, इंडोनेशियात प्रचंड वणवे पेटले होते आणि या दोहोंमुळे त्या काळात उष्ण कटिबंधातील ओझोनची रेखांशीय वाटणी खरोखरच बदलली होती. त्यामुळे स्पष्टीकरण आयतेच हाताशी होते आणि शोधनिबंधाच्या मसुद्यात ते जवळजवळ उतरलेही होते.

अडचण एवढीच होती की काळ जुळत नव्हता. एल निनो १९९७ च्या वसंतात उभा राहिला आणि १९९८ च्या मध्यास ओसरला, तर आलेखातील बिघाड त्याच्या कितीतरी आधी सुरू होऊन १९९७ च्या डिसेंबरात, एल निनो ऐन भरात असताना, एकाएकी संपत होता. निसर्गातील बदल असे दार लावल्यासारखे सहसा थांबत नाहीत. डिसेंबर १९९७ मध्ये जे एकाएकी बदलले होते ते अर्थ प्रोब उपग्रहाच्या कक्षेची उंची. आरंभी तो सुमारे ५०० किलोमीटरवरून फिरत होता आणि तेवढ्या खालून पाहताना विषुववृत्ताच्या आसपास लागोपाठच्या दोन फेऱ्यांचे पट्टे एकमेकांना भिडत नसत, मध्ये न मोजलेल्या फटी राहत. जून १९९७ मध्ये आदेओस हा जपानी उपग्रह निकामी झाला. त्याच्यावरही एक टॉम्स होते. त्यानंतर अर्थ प्रोबला सुमारे ७४० किलोमीटरवर नेण्यात आले आणि फटी बऱ्याच अंशी बुजल्या. थोडक्यात, बिघाड होता तो फटींच्या काळात. म्हणून शंकेची सुई वातावरणाकडून फाइल-वाचनाकडे वळली आणि याच टप्प्यावर फाइली आणि त्या वाचणारी स्क्रिप्ट माझ्याकडे तपासायला आल्या.

फाइलीची ठेवण

प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर तीन ओळी असतात. पहिलीत वर्षातील कितवा दिवस, तारीख, उपग्रहाचे नाव आणि प्रक्रियेची माहिती असते. दुसरीत रेखांशाची २८८ घरे, त्यांचे मध्य १७९.३७५ पश्चिम ते १७९.३७५ पूर्व आणि पाऊल १.२५ अंशाचे असे सांगितलेले असते. तिसरीत अक्षांशाची १८० घरे, ८९.५ दक्षिण ते ८९.५ उत्तर, पाऊल एक अंशाचे. पुढे फक्त आकडे. ते डॉब्सन एककात असतात. शून्य अंश सेल्सिअस तापमान आणि एक वातावरण दाब या स्थितीत सारा ओझोन जमिनीलगत आणून पसरला, तर त्याच्या थराची ०.०१ मिलिमीटर जाडी म्हणजे एक डॉब्सन. उष्ण कटिबंधात २५० ते २८० च्या आसपासचे आकडे नेहमीचे.

एका अक्षांशाची २८८ मूल्ये एका ओळीत मावत नाहीत, म्हणून ती १२ ओळींत मोडलेली असतात. पहिल्या ११ ओळींत प्रत्येकी २५ आणि बाराव्या ओळीत उरलेली १३. प्रत्येक ओळ एका कोऱ्या जागेने सुरू होते. फोरट्रान या संगणकभाषेच्या जुन्या छपाई-पद्धतीत ओळीचे पहिले अक्षर कागद सरकवण्याच्या सूचनेसाठी राखीव असे, त्या सवयीची ही खूण. त्यानंतर प्रत्येक मूल्याला नेमकी तीन अक्षरे, आणि दोन मूल्यांमध्ये काहीही नाही. ना स्वल्पविराम, ना टॅब, ना मोकळी जागा. पूर्ण ओळ त्यामुळे ७६ अक्षरांची होते. बाराव्या ओळीत आकडे संपल्यावर त्याच ओळीच्या शेवटी त्या पट्ट्याचा अक्षांश शब्दांसकट लिहिलेला असतो. एकूण २,१६३ ओळी, ५१,८४० मूल्ये.

जिथे मोजमाप झालेले नाही तिथे शून्य असते, आणि ते तीन अक्षरांच्या घरात उजवीकडे सरकवून, म्हणजे दोन कोऱ्या जागा आणि एक शून्य असे छापलेले असते. खरी गोम इथे आहे. पुढील तुकड्यात कोरी जागा दिसावी म्हणून तिच्या जागी ठिपका घातला आहे :

·२५१२४९··०··०२५३

माणसाने नियम माहीत असताना वाचले तर ही पाच घरे आहेत : २५१, २४९, गहाळ, गहाळ, २५३. मोकळ्या जागांवर शब्द तोडणाऱ्या कोणत्याही सर्वसाधारण वाचक-प्रोग्रॅमला मात्र इथे तीनच तुकडे दिसतात : २५१२४९, ० आणि ०२५३. पहिला तुकडा इतका अवाढव्य आहे की तो लगेच नजरेत भरतो. तिसरा जास्त घातक आहे, कारण ०२५३ चे पूर्णांकात रूपांतर केले की २५३ हाच बरोबर आकडा मिळतो आणि त्याला चिकटलेले गहाळ घर कोणताही आवाज न करता नाहीसे होते. लागोपाठ तीन अंक सापडले की ते एक मूल्य असे समजणारी रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधण्याची, युक्तीही इथे फसते. ती ०२५३२५४ मधून ०२५ आणि ३२५ उचलते आणि तिथून ओळीच्या शेवटपर्यंत अंकांची फाळणी चुकतच जाते. पांडास या पायथन भाषेतील आकडेवारी हाताळणाऱ्या साधनसंचातील स्थिर रुंदीच्या फाइली वाचणारे रीड_एफडब्ल्यूएफ हे फलन, रुंद्या आपण दिल्या नाहीत तर, आरंभीच्या १०० ओळी पाहून त्या ताडते. पण ते रकान्यांच्या सीमा मोकळ्या जागांवरून शोधते, आणि इथे सलग अंकांची भिंतच असल्याने त्याच्या हाती धड काही लागत नाही.

हाताहातांतून आलेली स्क्रिप्ट

संशोधिकेकडे असलेली स्क्रिप्ट प्रयोगशाळेत पूर्वीपासून वापरात होती आणि ती लिहिणाऱ्याला वरील अडचण दिसली होती, हे तिच्या रचनेवरून कळते. त्याने काढलेला तोडगा वरवर हुशारीचा होता. एका अक्षांशाच्या १२ ओळी जोडायच्या, शेवटचा अक्षांशाचा मजकूर छाटायचा, मग दोन कोऱ्या जागा आणि शून्य ही जोडी जिथे जिथे असेल तिथे ती पुसून टाकायची, कारण ती गहाळ मूल्ये, त्यांचा उपयोग काय! उरलेल्या कोऱ्या जागाही काढायच्या आणि शिल्लक अंकांचे तीन-तीनचे तुकडे पाडायचे. तुकडे २८८ पेक्षा कमी भरले तर रांगेच्या शेवटी तितकी रिकामी मूल्ये भरून संख्या पुरी करायची.

या तोडग्यात एकही आकडा बदलत नाही, पण त्याची जागा बदलते. रांगेच्या पश्चिम टोकापासून वाचत जाताना जितकी गहाळ घरे पुसली गेली, तितकी घरे पुढचे प्रत्येक मूल्य पश्चिमेला सरकते. एखाद्या रांगेत ४० घरे रिकामी असली, तर पूर्व टोकाची मूल्ये ४० गुणिले १.२५, म्हणजे ५० अंश पश्चिमेला जाऊन बसतात. रांगेच्या मध्यावर, ग्रीनिचच्या आसपास, हे सरकणे सुमारे निम्मे असते आणि पश्चिम टोकाला जवळजवळ शून्य. शिवाय फटींची जागा दिवसागणिक बदलत असल्याने प्रत्येक दिवशी हे सरकणे थोडे वेगळे. अशा अनेक दिवसांची सरासरी घेतली की शिखर पश्चिमेकडे झुकते आणि बोथट होते. आलेखात नेमके हेच दिसले होते.

ही चूक इतकी वर्षे कशी पचली याचे उत्तर मला चुकीपेक्षा अधिक बोधक वाटते. स्क्रिप्टची चाचणी अक्षांशपट्ट्यांच्या सरासरीवर घेतली जात असे. प्रत्येक पट्ट्याची सरासरी काढून ती प्रसिद्ध आकड्यांशी ताडून पाहायची, जुळली की वाचन बरोबर. पण रांगेतल्या रांगेत मूल्ये कितीही सरकवली तरी त्या रांगेची सरासरी बदलत नाही. ज्या दिशेने चूक होत होती त्या दिशेला ही चाचणी पूर्णपणे आंधळी होती. निंबस-७ च्या काळात विषुववृत्तावर फटी नव्हत्या, म्हणून तिथे चूकही नव्हती. ध्रुवीय रात्रीत सूर्यप्रकाश नसतो, आणि परावर्तित अतिनील किरणांवर चालणारे टॉम्स तेव्हा आंधळे असते. पण तिथे रांगच्या रांग शून्यांची असल्याने पुसण्याने काही बिघडत नव्हते. राहिला तो अर्थ प्रोबचा पहिला काळ.

शहानिशा करण्यासाठी ओझोनकडे पाहण्याचीही गरज पडली नाही. प्रत्येक घर किती दिवस रिकामे होते एवढाच नकाशा काढला. उपग्रहाच्या फेऱ्या रोज थोड्या वेगळ्या रेखांशांवरून जात असतील, तर महिन्याभरात फटी उष्ण कटिबंधात साधारण सर्वत्र विखुरलेल्या दिसायला हव्यात. प्रत्यक्षात जगभरातील सारी गहाळ मूल्ये नकाशाच्या उजव्या कडेला, १८० पूर्व रेखांशालगत, एका जाड पट्टीत साचलेली होती, आणि उरलेला उष्ण कटिबंध कसा निर्दोष भरलेला! कोणताही उपग्रह असा मोजत नाही. गहाळ मूल्यांचा नकाशा हा मोजलेल्या मूल्यांच्या नकाशाआधी पाहावा, असे माझे यावरून ठाम मत झाले आहे. मोजलेल्या मूल्यांच्या नकाशात निसर्गाची गुंतागुंत असते आणि तिच्याआड चूक लपते, गहाळ मूल्यांमागे मात्र फक्त यंत्रणा असते आणि ती कशी वागेल हे आपल्याला आधीच ठाऊक असते.

याच स्क्रिप्टमध्ये दुसरा दोष होता, त्याचा या अभ्यासाशी संबंध नव्हता, पण इतरांना तो महागात पडला असता. अंटार्क्टिकावरील ओझोन विवरात मूल्ये क्वचित १०० च्या खाली जातात. ३० सप्टेंबर १९९४ रोजी नोंदलेले ७३ डॉब्सन हे त्यांतले सर्वांत ठळक. दोन अंकी मूल्य एका कोऱ्या जागेसह छापले जाते, आणि स्क्रिप्ट ती कोरी जागा काढून टाकत असल्याने तिथून पुढे अंकांची फाळणीच चुकते : ९८, ११२, १०५ अशी घरे असतील तर त्यांतून ९८१ आणि १२१ निघतात. असे भलतेच आकडे कुणाला तरी दिसले असावेत, कारण स्क्रिप्टमध्ये पुढे ६०० च्या वरची सर्व मूल्ये गाळणारी एक ओळ होती. ती गाळणी ९८१ अडवते आणि १२१ सोडते. रोग तसाच ठेवून फक्त त्याचे दिसणारे लक्षण पुसण्याचा हा प्रकार, आणि त्यातून विवराच्या ऐन गाभ्यातली नोंद बिघडते.

नवे वाचन

नवा वाचक, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्रॅम, लिहिताना एकच सूत्र धरले : घराची ओळख त्यातील मजकुरावरून नव्हे, तर ओळीतील त्याच्या स्थानावरून. १२ ओळींपैकी पहिल्या ११ मधील दुसऱ्या ते ७६ व्या अक्षरांपर्यंतचा आणि बाराव्यातील दुसऱ्या ते ४० व्या अक्षरांपर्यंतचा भाग कापून जोडला की नेमकी ८६४ अक्षरे मिळतात, त्यांचे तीन-तीनचे २८८ तुकडे. शून्य असो, दोन अंकी असो वा तीन अंकी, प्रत्येक तुकडा आपल्या घरात राहतो. ज्यांना फोरट्रान येते त्यांच्यासाठी हे काम आणखी सोपे आहे, कारण आरंभी एक जागा सोडून तीन-तीन अक्षरांचे २५ पूर्णांक, असा जो नमुना देऊन फाइल लिहिली गेली तोच नमुना देऊन ती वाचता येते.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा. पायथनमध्ये ओळ हाती घेताच तिच्या दोन्ही टोकांच्या कोऱ्या जागा छाटण्याची सवय बहुतेकांच्या हाताला लागलेली असते. या फाइलीत उजवीकडे छाटणे निरुपद्रवी आहे, कारण प्रत्येक घर अंकाने संपते. डावीकडे छाटणे घातक आहे, कारण ओळीचे पहिलेच घर गहाळ असले तर राखीव कोऱ्या जागेबरोबर घरातल्या दोन जागाही जातात आणि सबंध ओळ सरकते. ज्या ओळीचे पहिले घर भरलेले आहे तिथे मात्र एकाच अक्षराचा फरक पडतो. तेवढा गृहीत धरून लिहिलेला कोड पहिल्या दहा-वीस ओळींवर व्यवस्थित चालतो आणि लिहिणारा निश्चिंत होतो.

स्थानावर भिस्त ठेवायची तर स्थान ढळलेले नाही याचा पुरावा प्रत्येक पावलाला मागायला हवा, आणि या फाइलीचा मोठेपणा असा की तो पुरावा तिने स्वतःजवळच बाळगला आहे. प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी लिहिलेला अक्षांश जुन्या स्क्रिप्टने कचरा म्हणून छाटला होता. नव्या वाचकात तोच साक्षीदार झाला. पट्टा क्रमांक शून्यापासून मोजला तर अक्षांश −८९.५ अधिक तो क्रमांक इतका यायला हवा. फाइलीत लिहिलेला अक्षांश तेवढाच नसेल तर वाचक पुढे जात नाही, दुरुस्तीचा प्रयत्न करत नाही, फाइल नाकारतो. घरांची संख्या आणि पाऊल कोडमध्ये कोरून ठेवण्याऐवजी माथ्याच्या ओळींतून घेतले. पहिल्या ओळीतील वर्षातील दिवस आणि तारीख परस्परांशी आणि फाइलीच्या नावाशी ताडली. साठावा दिवस लीप वर्षात २९ फेब्रुवारी असतो आणि एरवी १ मार्च, एवढ्या साध्या हिशेबानेही चुकीच्या नावाने साठवलेली फाइल उघडी पडते.

शून्याचे रूपांतर वाचनाच्या पायरीवरच, गणिताला सुरुवात होण्याआधी, गहाळ मूल्यात केले. ग्रिडमध्ये शून्य तसेच राहू दिले तर कुणीतरी कधीतरी त्याची सरासरी घेतोच. पूर्णांकांच्या ग्रिडमध्ये गहाळ मूल्यासाठी वेगळी जागा नसते, म्हणून गणितासाठी दशांश संख्यांचे ग्रिड घेतले आणि साठवणीसाठी नेटसीडीएफ फाइल, ज्यात गहाळ मूल्याची खूण, अक्षांश, रेखांश, दिनांक आणि एकक ही सारी माहिती आकड्यांच्या सोबतच राहते.

मूल्ये शक्यतेच्या कक्षेत आहेत का हेही पाहिले, पण कक्षेबाहेरचे मूल्य गाळले नाही, त्यावर केवळ खूण केली. या क्षेत्रात त्याला सबळ कारण आहे. निंबस-७ च्या प्रक्रियेत १८० डॉब्सनखालील मूल्यांवर शंकेची खूण पडत असे, कारण तोपर्यंत इतकी कमी मूल्ये कुणी पाहिली नव्हती. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरील हॅली येथील जमिनीवरच्या मोजमापांवरून तिथल्या वसंतात ओझोन कोसळत असल्याचे नेचर या नियतकालिकात मांडले. संगणकाने विवर फेकून दिले अशी जी कथा पुढे रूढ झाली ती फार ढोबळ आहे. मोजमापे फेकलेली नव्हती, खूण करून ठेवलेली होती, म्हणूनच ती पुन्हा तपासता आली आणि विवराचा विस्तार उपग्रहाच्या नकाशांत पाहता आला. ६०० च्या वरचे सारे गाळणाऱ्या त्या एका ओळीने ही सोय ठेवली नव्हती.

हाताने पडताळणी

वाचक आपल्याशीच सुसंगत आहे एवढ्यावर न थांबता, एखादे ओळखीचे ठिकाण घेऊन फाइल डोळ्यांनी वाचणे आवश्यक होते. हॅलीच घेतले : साधारण ७५.६ दक्षिण, २६.५ पश्चिम. घरांच्या कडा −१८० पासून सुरू होतात, मध्य नव्हे. हा अर्ध्या घराचा फरक विसरला जातो. −२६.५ अधिक १८०, भागिले १.२५, उत्तर १२२.८, म्हणजे शून्यापासून मोजल्यास १२२ क्रमांकाचे घर, ज्याचा मध्य २६.८७५ पश्चिम. अक्षांशासाठी −७५.६ अधिक ९०, म्हणजे १४ क्रमांकाचा पट्टा, मध्य ७५.५ दक्षिण. माथ्याच्या तीन ओळी, त्यापुढे १४ पट्ट्यांच्या १६८ ओळी आणि १२२ व्या घरासाठी पट्ट्यातील पाचवी ओळ असा हिशेब केला की फाइलीची १७६ वी ओळ येते, आणि त्या ओळीत २३ वे घर, म्हणजे ६८ ते ७० ही अक्षरे. संपादकात त्या ओळीवर जाऊन ती तीन अक्षरे वाचायची, १८३ व्या ओळीच्या शेवटी −७५.५ लिहिले आहे हे पाहायचे, आणि ग्रिडमध्ये पट्टा १४, घर १२२ येथे तोच आकडा आहे का ते बघायचे. हे कंटाळवाणे काम वेगवेगळ्या गोलार्धांतील काही ठिकाणांसाठी केले, त्यांत निदान एक अशा रांगेतले घेतले जिच्यात भरपूर फटी होत्या, कारण भरलेल्या रांगेत जुनी स्क्रिप्टही बरोबरच उत्तर देत होती.

नकाशा उलटा दिसणे हा यातला किरकोळ प्रकार. फाइल दक्षिणेकडून सुरू होते आणि चित्र काढणारी बरीच साधने पहिली रांग वर ठेवतात, इतकेच. १८० अंश रेखांशावरची शिवण अधिक विचार करण्याजोगी आहे. फाइलीत पहिला आणि शेवटचा रकाना दोन टोकांना असले तरी पृथ्वीवर ते शेजारी आहेत, तेव्हा तिथे मूल्यांत पायरी दिसली तर सरकण्याचा संशय घ्यायला हवा. मात्र एका दिवसाच्या नकाशात तिथे थोडी पायरी खरीच असते, कारण दिवसाचे मोजमाप दिनांकरेषेपासून सुरू होऊन जगाला वळसा घालून तिथेच संपते आणि रेषेच्या दोन बाजूंच्या मोजमापांत जवळपास एक दिवसाचे अंतर पडते. मासिक सरासरीत ती पायरी विरायला हवी. जुन्या ग्रिडमध्ये ती विरत नव्हती, नव्यात विरली.

सर्वांत कडक परीक्षा उलट्या दिशेची ठरली. ग्रिड वाचून झाल्यावर गहाळ मूल्यांच्या जागी पुन्हा शून्य घालून, त्याच नमुन्यात, त्याच ओळींत ते नव्या मजकुरात छापायचे आणि मूळ फाइलीशी अक्षर न् अक्षर ताडायचे. जे वाचन मूळ मजकूर पुन्हा उभा करू शकते त्यात काही हरवलेले नाही. जुनी स्क्रिप्ट या परीक्षेत पहिल्याच फटीवर अडखळली असती. हा ताळा प्रत्येक फाइलीवर चालवायला लागणारा वेळ नगण्य होता, म्हणून तो केवळ चाचणीपुरता न ठेवता वाचनाचाच भाग केला.

या ताळ्यात काही फाइली नापास झाल्या. त्यांतील काही उतरवून घेताना मध्येच तुटल्या होत्या आणि उत्तरेकडचे पट्टे त्यांत नव्हतेच. त्या मुळातून पुन्हा आणल्या. एकीतल्या सलग कोऱ्या जागा कुठल्यातरी टप्प्यावर एकेक होऊन बसल्या होत्या आणि ओळींची लांबी कमी भरत होती. शून्यापुढे एक आणि दोन अंकी मूल्यापुढे एक कोरी जागा असा तर्क लढवून ती बहुतांशी सावरता आली असती, पण मूळ प्रत मिळत असताना तर्काने डागडुजी करणे योग्य वाटले नाही.

त्यानंतर संशोधिकेने १९९६ आणि १९९७ चे ग्रिड नव्याने तयार केले. शिखर अटलांटिकवर परतले. १९९७ च्या उत्तरार्धात इंडोनेशियाच्या बाजूला वाढ आणि पूर्व प्रशांतावर घट शिल्लक राहिली. एल निनोच्या काळात अपेक्षित असलेला बदल हाच होता, आणि तो डिसेंबरात न थांबता पुढे चालू राहिला.

तिला पुढे ही मालिका ओएमआय या उपकरणाच्या नोंदींशी जोडायची होती. ऑरा उपग्रहावरील या उपकरणाच्या दैनंदिन मजकूर-फाइली दिसायला अगदी तशाच असतात, तीन अक्षरांची घरे, ओळीला २५, शेवटी अक्षांश. पण रेखांशाचे पाऊल एक अंशाचे असल्याने घरे ३६०, म्हणून एका पट्ट्याच्या १५ ओळी आणि शेवटच्या ओळीत १० मूल्ये. घरांची संख्या माथ्यावरून घेतलेली असल्याने वाचकात काही बदलावे लागले नाही. दोन्ही ग्रिड एकमेकांवर बसवण्यासाठी मधली मूल्ये अंदाजाने भरण्यापेक्षा दोन्ही पाच अंशांच्या ग्रिडवर आणली : टॉम्सची रेखांशाची चार घरे आणि ओएमआयची पाच, दोन्हींच्या कडा −१८० पासून मोजल्या जात असल्याने त्या नेमक्या जुळतात. अक्षांशाच्या दिशेने सरासरी घेताना प्रत्येक पट्ट्याला त्याच्या अक्षांशाच्या कोसाइनइतके वजन दिले, कारण ६० अंशांवरचे घर विषुववृत्तावरच्या घराच्या निम्म्याच क्षेत्रफळाचे असते. पाच अंशांच्या ज्या घरात निम्म्याहून अधिक क्षेत्र गहाळ होते ते घर त्या दिवसापुरते रिकामे सोडले, आणि अशा घरांचा नकाशा प्रत्येक मासिक फाइलीत ओझोनच्या शेजारीच साठवला.